दोघांची बटनं

वारंगा फाट्यावरच्या व्हिडिओ गेमने पोरगं मारकुटं झालं, अशी तक्रार घेऊन वसराम तांड्याच्या नायकापुढे उभा राहिला. "काल बापाचा हात धरला यानं!"

नायकाने दीपककडे पाहिलं. "काहून रे, बापाचा हात धरायचं तिथंच शिकलास?"

"व्हय. तिथं दोघांच्याबी हातात बटनं असतात, नायक. मार खाणाराबी उलटून मारू शकतो. घरी आईला तशी सोय न्हाई."

"बघा, कशी जीभ चालवून राहिला!" वसराम ओरडला. "उद्यापासून गेम बंद."

रीतीप्रमाणे बायका मागे, तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांतली दीपकची आई, रुख्मिणीबाई, उठली. तिने सगळ्यांदेखत पदर मागे सारला. एक डोळा सुजून मिटला होता.

"पोरगं उद्याबी खेळायला जाईल," ती म्हणाली.