खांबालगतचा बाक

या माणसानं जन्मभर चर्चमध्ये लोकांची लग्नं लावली, आणि स्वतःच्या धाकट्या पोरीचं लावायची वेळ आली तेव्हा हात वर केले! आईच्या रागाचा पारा चढला तो यावरून.

"मी लावणार नाही," पाळक म्हणाले आणि वाटाणे सोलत राहिले.

"का? जीभ झडली?"

"मला त्या दिवशी दुसरं काम आहे."

"पोरीच्या लग्नात दुसरं काम! ऐकलंस का गं?"

धाकटी दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं आणि आत गेली. बाबांनी आपलं लग्न लावावं, एवढंच तिचं लहानपणापासूनचं मागणं. थोरल्याचं त्यांनी लावलं, मधलीचं लावलं. मग हिनंच काय घोडं मारलं होतं?

मेथडिस्ट पंथाच्या पाळकाचा संसार म्हणजे सदा बांधलेलं बोचकं. एका गावात बूड टेकतं न टेकतं तोच बदली. नव्या गावी सामान उतरायच्या आधी आई देऊळ, म्हणजे तिथलं चर्च, बघून यायची, आत एक फेरी मारायची आणि आपला बाक ठरवून टाकायची. नेहमी खांबाला लागून. पाळकाच्या बायकोनं पुढं पुढं करू नये, असं म्हणायची. रविवारी पोरांना दोन्ही बाजूंना दाबून बसवायची आणि उपदेश सुरू झाला की डोळे मिटायची. मंडळीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "बघा, पाळकबाई कशा तल्लीन होतात!"

घरी जेवताना पाळक भीत भीत विचारायचे, "कसा झाला?"

"लांबला."

एवढंच. पण तेवढ्यावर पाळक पुढच्या रविवारचा उपदेश कापायला बसायचे. बिशपांसमोर न डगमगणारा माणूस, शाळेचं जेमतेम तोंड पाहिलेल्या बायकोपुढं चळाचळा कापायचा.

आता निवृत्त झाल्यावर त्याला शिंगं फुटली होती.

आधी त्यांनी नियम पुढं केला. निवृत्त पाळकानं नव्या पाळकाच्या कामात लुडबुड करायची नाही. आई चपला सरकवून तडक नव्या पाळकाच्या दारात. कालचं पोर ते, घाबरून उभंच राहिलं.

"तूच आडवा आलास का रे?"

"मी कशाला येईन, काकू? मीच त्यांना हात जोडले, म्हटलं तुम्हीच लावा. नको म्हणाले. वर मलाच सांगितलं, 'तू लाव. आणि सावकाश लाव, घाई करू नकोस.'"

परतताना देवळाची झाडलोट करणारी भेटली. तिनं आणखी भर घातली. "साहेब रोज संध्याकाळी येतात. आपल्या रविवारच्या पुढच्या बाकावर बसतात, उठतात, व्यासपीठाकडं जातात, मधूनच माघारी येऊन परत बसतात. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

आईचा राग तिथंच विरला. या माणसाला विसर तर पडायला लागला नाही? सगळ्यांसमोर शब्द आठवणार नाहीत म्हणून तर नको म्हणत नाही?

घरी येऊन ती त्यांच्यासमोर बसली. "लग्नाची वचनं म्हणा बघू."

"आता?"

"म्हणा म्हटलं ना."

पाळकांनी म्हटली. सुखात, दुःखात, आजारात, आरोग्यात. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. म्हणताना नजर मात्र तिच्यावरून हलली नाही.

म्हणजे डोकं ठिकाणावर होतं! ठिकाणावर असूनही पोरीला रडवत होते! आईनं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. चहाचा कप आदळायची, तेवढाच काय तो संवाद.

लग्नाच्या दिवशी धाकटी बापाच्या हाताला धरून आली, पण मान वर केली नाही. पाळकांनी तिचा हात जावयाच्या हातात दिला. सवयीनं त्यांचा एक पाय व्यासपीठाच्या पायरीवर पडला. सगळं देऊळ बघत होतं. त्यांनी पाय मागं घेतला, वळले, आणि सरळ खांबालगतच्या बाकावर आईला खेटून बसले.

"हे काय?" आईनं बोलणं टाकलं होतं, ते ती विसरली.

"माझं काम."

"कसलं डोंबलाचं काम?"

"थोरल्याच्या लग्नात तू एकटी रडत होतीस. मधलीच्याही. वरून मला खांबाआडून नुसता तुझा रुमाल हलताना दिसायचा, आणि मी आपला वाचत सुटायचो. म्हटलं, एका तरी पोराच्या लग्नात तुझ्या शेजारी बसून रडावं. पाय मेले आपोआप वर जातात, म्हणून रोज सवय करत होतो."

पुढं धाकटीनं मान वळवली. खांबाच्या कडेनं दिसलं, आईबाप एकाच रुमालाची ओढाताण करत होते. तिला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि नवा पाळक सांगितल्याप्रमाणे अगदी सावकाश वाचू लागला.

वचनं झाली. नव्या पाळकानं घसा खाकरून उपदेशाला सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा बायकोच्या जागेवरून उपदेश ऐकायला मिळणार म्हणून पाळक सावरून बसले. डोळे पुसून त्यांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली. समोर खांब.

"अगं, इथून तर व्यासपीठ दिसतच नाही!"

"दिसत नाही म्हणून तर प्रत्येक गावात असला बाक शोधून काढायचे," आईनं डोळे मिटले आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. "तुमच्या एकाही उपदेशाचा शेवट मी ऐकलेला नाही. खांदा जरा खाली घ्या. हां... खांबापेक्षा बरे आहात."