शिसं

“व्हॉट इज द ऑक्सिडेशन नंबर ऑफ लेड इन इट्स प्युअर फॉर्म?” मुंबईहून आलेल्या बाईंनी विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.

विनया गप्प. राजोडीच्या कोळ्याची ही पोर, मराठी शाळेतून दहावीला पहिली आलेली. बाईंच्या ट्रस्टने होकार दिला, तर मुंबईच्या वसतिगृहात राहून अकरावी सायन्स. नाही दिला, तर आईबरोबर मासळीबाजार.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे विज्ञानाचे क्लेमेंट सर घामाघूम झाले. हेच तर त्यांनी तिच्याकडून महिनाभर घोकून घेतलं होतं. सोडियम असो, ऑक्सिजन असो, आयर्न असो. मूलद्रव्य निव्वळ असलं, दुसऱ्या कुणाशी संयोग झालेला नसला, की त्याचा ऑक्सिडेशन नंबर शून्य. झोपेतून उठवलं असतं तरी पोरीने सांगितलं असतं. पण इंग्रजी नावांच्या यादीत ‘लेड’ लिहून द्यायचं सरांकडून राहून गेलं होतं. तिच्या पुस्तकात ते शिसं होतं.

शिसं. एवढा एकच शब्द. सरांच्या तो अगदी ओठांवर आला. पण मघाशी चहा घेताना बाईंनी विचारलं होतं, “इंग्लिश झेपेल ना हिला?” आणि सरांनी छाती फुगवून सांगितलं होतं, “आमच्या पोरांना इंग्रजीचं काही वाटत नाही, मॅडम!” आता मधेच मराठीत तोंड घालायचं म्हणजे आपल्याच हाताने आपलं नाक कापून घ्यायचं. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

“लेड,” बाई पुन्हा म्हणाल्या.

विनयाने सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

बाईंनी कागदावर शून्य काढलं आणि तिला बाहेर जायला सांगितलं. “इतकं साधं येऊ नये? सॉरी, सर. जागा एकच आहे. ती आगाशीच्या मुलाला देते.”

सर “बरं” म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण आता वाटून काय उपयोग?

व्हरांड्यात विनया चपला पायात सरकवत होती.

“सर, लेड म्हनजे काय?”

“शिसं.”

“शिसं? आमच्या जाल्याला गोळ्या लावतात ते? मग शून्यच की!” ती खुदकन हसली. “म्हनजे मला येत होतं!”

“हो. येत होतं तुला.”

ती क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. हसू ओसरलं.

“आनि तुमाला, सर? तुमाला तर म्हाईत होतं ना?”

उत्तर एका अक्षराचं होतं. सरांना येत होतं. याही वेळी ते गप्प राहिले.