गरम होईपर्यंत

मनोहरराव गेले आणि पाठोपाठ त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओही गेला. तसाच आवाज घरात पुन्हा हवा म्हणून रुपेशने महिनाभर जगभरचं वाचून काढलं, आणि स्वस्तातले दोन ट्रायोड, म्हणजे तशाच काचेच्या व्हॉल्व्हचे, अ‍ॅम्प्लिफायर हिंगणघाटच्या घरी आईपुढे आणून ठेवले. पहिला झटकन गायला लागला. दुसऱ्याच्या काचेच्या नळ्या नुसत्याच लाल होत, तापत बसल्या.

"हा ठेव," कुसुमबाईंनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"काऊन वं माय? याचा आवाज तर अजून आयकलाच नाई तू!"

"आवाजाले काय कराचं? गाणं लागलं का तुये बाबा साऱ्यायले चूप बसवत. माह्यासंगं बोलत ते रेडिओ गरम होयेपर्यंतच."