बाराशे दातांची राखण

"अकरा मिनिटं," पुतणीने अहवाल काकांपुढे सरकवला. "मी फायली उचलायला लागले आणि अकराव्या मिनिटाला या पहिल्या कंपनीचा फोन आला. तोवर त्यांनी माझं लॉगिनही बंद करून टाकलं होतं."

काकांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि दुसरी कंपनी?"

"त्यांच्या आठवड्यात मी भरदिवसा चाळीस नमुने बाहेर नेले. त्यांचा अहवाल म्हणतो, सर्व काही सुरळीत."

"मग सुरळीतच असणार."

कवळ्या आणि कॅप बनवणारी ही लॅब काकांची. माणसं चौदा, संगणक नऊ. पलीकडच्या गल्लीतल्या लॅबच्या सगळ्या फायली कुणीतरी खंडणीसाठी इंटरनेटवरून कुलूपबंद केल्या आणि ती तीन आठवडे ठप्प झाली, तेव्हा कुठे काका जागे झाले. संगणकांवर चोवीस तास नजर ठेवणारी आणि चोर शिरलाच तर तिथल्या तिथे हात धरणारी कंपनी नेमायची ठरली. काम पुतणीच्या गळ्यात पडलं. दोन कंपन्यांना तिने आठवडा आठवडा राखणीला बसवलं आणि काकांना सांगून स्वतःच चोरी करून पाहिली.

राखायचं होतं ते एवढंच, बाराशे दात. एकोणीस वर्षांत पुतणीने संगणकावर एकेक करून कोरलेले नमुने. दाढा, सुळे, किंचित वाकडे पुढचे दात, म्हातारपणाने झिजलेले. दंतवैद्य काकांकडे यायचे ते या नमुन्यांसाठी. ते गेले तर लॅबमध्ये उरणार दात भाजायची भट्टी आणि खुर्च्या.

ती कामाला लागली तेव्हा काका म्हणाले होते, "अर्धी लॅब तुझीच." गेल्या वर्षी पाटीवर त्यांच्या जावयाचं नाव चढलं. जावईबापूंना सुळा कुठला आणि दाढ कुठली हे अजून आरशात बघून सांगावं लागे.

काकांची एक खोड साऱ्या लॅबला पाठ होती. पुतणीने पूर्व म्हटलं की काका पश्चिमेला निघालेच. तिने सुचवलेली भट्टी सोडून त्यांनी दुसरी आणली, ती वर्षात दोनदा बिघडली. तिने नको म्हटलेला माणूस ठेवला, तो सहा महिन्यांत पळाला. मोडेन पण वाकणार नाही, असा काकांचा बाणा. मोडायची मात्र दरवेळी लॅबच.

आज पुतणी कंबर कसून आली होती. फोन करणाऱ्या कंपनीची मुलगी कोपऱ्यात अवघडून बसली होती.

"काका, सही यांच्याच करारावर करायची."

"करायची? मला सांगतेस?"

"सांगतेय. एकोणीस वर्षं विचारत आले, आज सांगतेय."

बाहेर कवळ्या घासून गुळगुळीत करायची यंत्रं एकेक करून थांबली. सगळे कान देऊन ऐकत होते.

"यांनी तुझं लॉगिन बंद केलं. तासभर काम खोळंबलं," काकांचा आवाज चढला. "घरच्यांनाच दारात अडवणारा पहारेकरी काय चाटायचाय?"

"चोरी घरच्यांनीच केली होती, काका. मीच."

"तू काय चोर आहेस?"

"दुसऱ्यांना नेमलंत तर बाराशेच्या बाराशे नमुने कुणीही दिवसाढवळ्या उचलून नेईल. तुम्हाला पत्ताही लागणार नाही. लिहून देते."

"दे लिहून!" काकांनी दुसऱ्या कंपनीचा करार ओढला आणि झटक्यात सही ठोकली. "आजपासूनच बसव त्यांना. लॅब माझी आहे, दातही माझे आहेत!"

"दात माझे आहेत," पुतणी म्हणाली. तिचा हा राग अगदी खरा होता. "त्यातला एकही तुम्ही कोरलेला नाही."

काका नुसते हसले. मुलगी बिचारी आपली बॅग आवरून निघून गेली. बारा वाजायच्या आत दुसऱ्या कंपनीची राखण सुरू झाली, आणि पुतणी मान खाली घालून आपल्या जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. "ताई, आमच्यासाठी एवढ्या भांडलात. मला फार वाईट वाटलं."

"वाईट कशाला? करार पाठवा. पहिल्या तारखेपासून काम सुरू. संगणक तीनच आहेत, पण लॅब नवी आहे आणि पाटीवर नाव माझं आहे."

 मुलीने विचारलं, "आणि राखायचं काय आहे, ताई?"

"बाराशे दात," पुतणी म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत नेले. पाच तास झाले, कुणी हटकलंसुद्धा नाही."