गॉडफ्रेचा ब्राउझर

"अरे, पण बटन कुठंय?" कॅथरिन टीचरनी फोन गॉडफ्रेच्या नाकासमोर धरला.

चर्चमधली मिस्सेची प्रार्थना नुकतीच सुटली होती. सणाच्या गायनस्पर्धेसाठी धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या चर्चच्या, वेबसाइटवर नावं द्यायची होती. टीचरच्या फोनवर पान उघडलं होतं, पण अर्धंच. खाली नुसता पांढरा पट्टा. त्या फोनमध्ये गॉडफ्रेच्या कंपनीचा ब्राउझर होता. त्यानेच तो हौसेने बसवून दिला होता.

"टीचर, ब्राउझर बरोबर आहे. ज्याने पान बनवलं, त्याने आमच्याकडे उघडून बघितलंच नाही," गॉडफ्रे समजावू लागला. तेवढ्यात रुडॉल्फ आला. त्याने टीचरचा फोन घेतला आणि तेच पान आपल्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये उघडलं. बटन आलं.

"बघ, याच्यात कसं झटकन आलं!" टीचर म्हणाल्या. भोवतीच्या चौघांनी माना डोलावल्या. गॉडफ्रेही हसला. हसताना त्याचे गाल दुखले.

रुडॉल्फ त्याचा सख्खा चुलतभाऊ. गास गावात दोघांची घरं एका कुंपणाला. शाळा एक, कॉलेज एक, डोकंही सारखंच. नोकऱ्या मात्र एकमेकींशी झुंजणाऱ्या दोन कंपन्यांत लागल्या. रुडॉल्फची कंपनी हत्ती, तर गॉडफ्रेची तिच्यापुढे शेळी. आपलं काम सरस आहे, वेबसाठी ठरलेल्या नियमांना धरून आहे, याबद्दल गॉडफ्रेच्या मनात शंका नव्हती. पण वेबसाइट बनवणारे लोक रुडॉल्फच्या ब्राउझरमध्ये पान नीट दिसलं की हात झटकून मोकळे होत. मग तेच पान गॉडफ्रेकडे लंगडत उघडे आणि बोल त्याला लागत.

रुडॉल्फने नवी गाडी घेतली तेव्हा गॉडफ्रेला काही वाटलं नव्हतं. पण स्वतःच्या आईला रुडॉल्फचा ब्राउझर वापरताना पाहिलं, त्या दिवशी तो जेवला नाही.

"अरे, तुझा पण आहे की फोनमध्ये," त्याची आई इझाबेल म्हणाली. "पण सिलिंडर याच्यातनं बुक होतो, त्याला मी काय करू?"

एकदा तर मिस्सेत गुडघे टेकलेले असताना त्याच्या मनात आलं, देवा, एकदा रुडॉल्फची कंपनी बुडू दे. त्याने जीभ चावली. पण मागणं काही परत घेतलं नाही.

बुडालं ते गॉडफ्रेचंच. एका दुपारी सगळ्यांना स्क्रीनवर बोलावून साहेबांनी सांगून टाकलं. पान वाचून पडद्यावर मांडणारं ब्राउझरच्या आतलं इंजिन आता आपण बनवणार नाही, परवडत नाही. नाव आपलंच राहील, पण आत समोरच्या कंपनीचं इंजिन बसवू. तेव्हा इंजिनवरच्या माणसांना निरोप.

नोकरी गेली, हे गॉडफ्रेच्या डोक्यात नंतर शिरलं. आधी डोळ्यांसमोर आला तो रुडॉल्फचा चेहरा. आता स्वतःच्या ब्राउझरच्या पोटातसुद्धा रुडॉल्फच. कुंपणापलीकडे कोणी हसलं, की ते आपल्यालाच हसले असं त्याला वाटू लागलं. तो चर्चला गेला नाही. रुडॉल्फने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, रुडॉल्फच फाटक ढकलून आला. गॉडफ्रे ओट्यावर बसला होता. इझाबेल चहा टाकायला आत गेली.

"ये," गॉडफ्रे म्हणाला. "केक नाही आणलास? जिंकलात ना तुम्ही."

"ऐक तरी, गॉडफ्रे..."

"काय ऐकू? आता साऱ्या गावाच्या फोनात तुम्हीच. माझं तोंड कसं झालंय ते बघायला आलास ना? घे, बघून घे पोटभर!"

आत कपबशीचा आवाज थांबला. रुडॉल्फ खालच्या पायरीवर बसला आणि चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी हा घरी कसा, असा विचार गॉडफ्रेच्या मनात आला.

"ऑफिस नाही आज?"

"काढलं मला," रुडॉल्फ म्हणाला. "माझी अख्खी टीमच काढली."

गॉडफ्रेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुला? पण तुम्ही तर जिंकलात. तू... तू करायचास काय तिथे?"

इतकी वर्षं एका कुंपणाला राहून त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडे पान कसं दिसतं, ते रोज बघायचो," रुडॉल्फ म्हणाला. "आमच्याकडे वेगळं दिसलं, की दोन्हीकडे सारखं दिसेल असं करायचं. तेवढंच काम. बहुतेक वेळा तुमचंच बरोबर असायचं, रे. मी साहेबांशी भांडायचो, की त्यांनी नियम पाळलाय, बदलायचं तर आपलं बदला."

हे वाक्य एकदा तरी कुणाच्या तोंडून ऐकावं म्हणून गॉडफ्रे किती तळमळला होता. आज ते कानावर पडलं. तो ओट्यावरून उतरला आणि पायरीवर रुडॉल्फच्या शेजारी बसला.

"मग काढलं का?"

"तुमचं इंजिन बंद झालं ना," रुडॉल्फ म्हणाला. "साहेब म्हणाले, आता जुळवून घ्यायचं कोणाशी?"