बूड कापलेली बादली

बास्केटबॉलमध्ये नाव काढलेल्या धाकट्या भावाची अधिकृत वेबसाइट मीच बनवत होते. पहिल्या पानावर आमचा लहानपणीचा फोटो होता: तो चेंडू फेकतोय, आणि स्टुलावर चढून मी बूड कापलेली बादली उंच धरलीय. ती कापल्याबद्दल आईचा मार मीच खाल्ला होता. भावाचा मॅनेजर म्हणाला, "मुलीला पुसा. बादली गोड दिसते, ती ठेवा. वर मोठ्या अक्षरांत लिहा, 'कुणाच्याही आधाराशिवाय'." मी भावाकडे पाहिलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "ताई, उगाच डोक्यात राख घालू नकोस. ते सांगतात तसं कर." दातओठ खात मी स्वतःला पुसलं आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. तो वैतागला. "अगं, बादली अधांतरी लटकतेय! खालून काहीतरी टेकू दे." मी माऊस त्याच्यापुढे आपटला. "टेकू आत्ताच पुसला. आता बादली तूच धर."