चौथ्या गाण्यातला पाय

बँडमधल्या तिघांनी आपल्याच अल्बमचा हिशोब मांडला होता. जमेला गिटार, अवघड ठेका, दणकट आवाज, उण्याला भोपळा. त्या भोपळ्याचाच त्यांच्यातल्या गिटार वाजवणाऱ्या श्रावणीला संशय आला. प्रोग्रेसिव्ह मेटल प्रकारच्या रॉक संगीताचा तो अल्बम उद्या प्रसिद्ध व्हायचा होता, म्हणून आज तिनं तो वडिलांना ऐकवला. अण्णांनी चाळीस वर्षं मिरजेत लग्नाच्या वरातीत ट्रंपेट वाजवला होता.

पाऊण तास अण्णा मान खाली घालून बसले.

"झोपलात का?"

"तुझा पाय बघत होतो. वरातीत आम्ही तेच बघायचो. नाचणाऱ्याचा पाय थांबला, की चूक वाजवणाऱ्याची."

"अण्णा, ही वरात नाही. यात ठेका मुद्दाम मोडतात."

"मोड की. सात मात्रांत मोडलास, तेव्हा पाय चालूच होता. ते झकास जमलंय. पण चौथ्या गाण्यात तुझी बोटं पळायला लागली आणि तुझाच पाय थांबला."

गिटारच्या त्या चार मिनिटांच्या तुकड्यासाठी तिनं सहा महिने बोटं सोलून घेतली होती. अण्णांना खोटं पाडायचंच, म्हणून तिनं चप्पल काढली, फरशीवर पाय टेकला आणि चौथं गाणं पुन्हा लावलं. पाय तिथंच थांबला.

तिनं लॅपटॉप ओढला आणि चारातली तीन मिनिटं कापून टाकली.

"आता ऐका," ती म्हणाली. या खेपेला तिनं स्वतःचे पाय मांडी घालून दाबून ठेवले आणि नजर अण्णांच्या पायावर रोखली.